पट्टीवरची कणीक

थोरल्या बहिणीचं, म्हाळसाचं लग्न झालं त्या साली, म्हणजे दोन हजार चार साली, न्हावरे गावची पिठाची गिरणी हर्षदाच्या हाती आली. एका सकाळी मल्हार बाजरीचं दळण घेऊन आला आणि गिरणीच्या पत्र्यावर तळवा टेकून उभाच राहिला.

"हात काढा, पट्ट्यात जाईल!"

"थरथर बघतोय."

"गिरणी थरथरणारच. गप बसंल व्हय?"

"ह्या थरथरीवर दिवा लावीन मी."

ती हसली. तिच्या भुवयांवर पीठ होतं... तो बघतच राहिला.

मल्हार पुण्यात इंजिनिअरिंग शिकायचा. पुढच्या सुट्टीत त्यानं पितळेची पातळ पट्टी आणली, वर पांढरी चकती चिकटवलेली. एक टोक गिरणीला आवळलं, मोकळ्या टोकाला शिशाचा मणी लावला. पट्टी हलली की चकतीत वीज होते, म्हणाला. पण पट्टीचा ताल गिरणीशी जुळला पाहिजे. मणी जरा जड झाला तरी चुकतं. एका दुपारी जुळलं. इवलासा लाल दिवा लागला.

"लागला की ओ!"

"तेजश्री खूश होईल."

"ती कोण?"

"प्रोजेक्टची पार्टनर. दौंडला तिच्या मामांची अशीच गिरणी हाय. उद्या सरांना तिथं दाखवायचंय."

"आमची गिरणी काय वाईट?"

"सरांना रेल्वेनं तिथं सोपं पडतं."

"सरांना... का तुम्हाला?"

तो नुसता हसला. ते हसू तिला कुसळासारखं रुतलं. पट्टी सोडवून ठेवून तो हात धुवायला गेला, तशी तिनं चिमूटभर कणीक मळली आणि मण्यामागं दाबून बसवली.

मग मात्र दळणात तिचं लक्ष लागेना. दिवा लागला तर तेजश्री जिंकली; न्हाई लागला तर त्याचं नुकसान, आणि ते आपल्याच हातानं!

दोन दिवसांनी तो आला.

"न्हाई लागला. सर निघून गेले."

"आन् ती?"

"तिनंच कणीक बघितली. बोट उमटलंय त्यावर. म्हणाली, एवढं जळणारं माणूस सोडू नको."

"म्हंजी तिनं पाठवलं म्हणून आलात?"

"मी आलोय, हर्षदा. तुझ्यासाठी."

त्यानं कणीक खरवडली नाही. कानस घेऊन मणीच झिजवत बसला, दिवा पुन्हा लागेपर्यंत. सरांना त्यानं न्हावऱ्यालाच आणलं, आणि वर्षभरानं वरातही.

पुढं तेजश्रीचा फोन आला की हर्षदा मुद्दाम गिरणी चालू करायची. एकदाच तिनं गिरणी बंद ठेवून तेजश्रीला स्वतः फोन लावला. मल्हार दोन हजार एकोणीसच्या माघात न्हावऱ्याच्या घरी वारला, त्या दिवशी.