बावन्न सालच्या गाडीचा खोकला

"साडेतीन वाजले! चारला ओरेस्तेस मिस्त्री चेन-कप्पी घेऊन येणार आणि इंजिन उपटून नेणार!" योआंद्री धावतच गॅरेजमध्ये शिरला.

"ओरडू नकोस रे," त्याची बारा वर्षांची बहीण दायामी म्हणाली.

एवेलिओ आजोबांची बावन्न सालची शेव्हरोले क्युबातल्या साऱ्या मातान्सास शहराच्या ओळखीची. गल्लीतल्या बाकी जुन्या गाड्यांच्या पोटात कधीच ट्रॅक्टरची नाहीतर ट्रकची डिझेल इंजिनं बसली होती. हिचं मात्र जन्माचं होतं. आजोबांनी ते पोटच्या पोरासारखं जपलेलं. आणि शनिवारपासून ते खोकत होतं! गाडी उभी राहिली की थरथरायचं, गचके द्यायचं, बंद पडायचं. ओरेस्तेसने दारातूनच ऐकलं, बॉनेटसुद्धा उघडलं नाही, आणि निकाल दिला, "म्हातारं झालंय. डिझेल टाकू." तेव्हापासून आजोबा धड जेवले नव्हते.

दायामीने एक गोष्ट कुणालाच सांगितली नव्हती. शनिवारी सकाळी आजोबांनी तिला पहिल्यांदाच गाडी चालू करू दिली होती आणि तिने अॅक्सिलरेटर जरा जोरात दाबला होता. म्हणजे घात आपणच केला! ते आठवलं की तिला रडू यायचं.

तेवढ्यात शेजारचा ओस्निएल पाण्याच्या पाइपाचा तुकडा घेऊन आला. "एक टोक कानाला, दुसरं इंजिनाला. डॉक्टरसारखं! दायामी, चालू कर गाडी."

"मी नाही! तू कर."

"भित्री भागूबाई! बरं, ऐक तरी. आणि पंख्यापासून लांब राहा."

खर्र... धड् धड्... फट्! इंजिन खोकू लागलं. योआंद्री पुढच्या सीटवर बसून एकेक कळ ओढत होता.

"ताई, वायपरपण मेलाय गं!"

"चेष्टा पुरे!" म्हणता म्हणता दायामी थबकली. "वायपर? अरे, हिचा वायपर विजेवर नाही चालत! इंजिन हवा आत ओढतं ना, त्या ओढीवर चालतो. आजोबांनीच दाखवलं होतं. तिथून एक नळी जाते..."

तिने पाइपाचं टोक इंजिनावरून हळूहळू फिरवलं. सूंऽऽ! एक बारकी तोटी चक्क उघडी होती आणि नळीचा पत्ताच नव्हता. दायामीने तोटीवर अंगठा दाबला. अंगठा आत ओढला गेला आणि खोकला थांबला!

"आईशप्पथ!" ओस्निएल ओरडला. "पण नळी काढली कुणी?"

"शनिवारी दुपारी रेनानमामा इथे घुटमळत होता," योआंद्री म्हणाला, "आणि त्याच्या पेरूच्या वाइनच्या बरणीत..." वाक्य अर्धंच टाकून तो पळाला.

इकडे ओरेस्तेस दोन माणसांना घेऊन हजर! मागून आजोबा आले. ते गाडीकडे बघतसुद्धा नव्हते.

"बाजूला व्हा, पोरांनो," ओरेस्तेस म्हणाला.

"मिस्त्रीकाका, एकच मिनिट!"

"मिनिटात म्हातारं तरुण होतं होय?"

दायामीने अंगठा दाबला, इंजिन शांत. अंगठा काढला, खोकला सुरू. पुन्हा दाबला, पुन्हा शांत!

"आजोबा, हिच्या पोटात नुसती हवा जातेय! वायपरची नळीच नाहीये!"

आजोबांनी मान वर केली. इतक्यात योआंद्री लाल थेंब गाळणारी नळी फडकावत आला. मागून अनवाणी रेनानमामा. "चोरा, आण ती इकडे! अर्धी वाइन काढायची राहिलीय!" मग त्याला आजोबा दिसले. "बाबा... ते... एप्रिलमध्ये कुठला आलाय पाऊस? म्हटलं, वायपर काय करायचाय! संध्याकाळी परत लावणारच होतो."

"कुठल्या संध्याकाळी?" आजोबांनी विचारलं.

नळी धुऊन जागेवर बसवली आणि इंजिन पूर्वीसारखं एका सुरात गुणगुणू लागलं. ओरेस्तेसने साखळी गुंडाळली. "पोरी, ऑगस्टच्या सुट्टीत माझ्याकडे येत जा. माझी दारातून ऐकायची खोड तरी मोडेल."

सगळे हसले. दायामीला मात्र हसू येईना. "आजोबा, शनिवारी मी अॅक्सिलरेटर जोरात दाबला होता. मला वाटलं, माझ्यामुळेच..."

"वाटलंच मला. चार दिवस गाडीला हात लावला नाहीस." आजोबांनी इंजिन बंद केलं आणि किल्ली तिच्या हातात ठेवली. "बस. आणि आज त्याहून जोरात दाब."

तिने दाबला. अख्खी गल्ली दणाणली! आजोबांनी घराकडे तोंड करून आजीला हाक मारली, "घेवड्याचा भात उरलाय का गं? भूक लागलीय!"