सरगूरचा वर्ग, वरच्या मजल्यावर

"अय्यो, दार उघडा ना... माझी मुलं वाट बघतायत!"

सुयशने घाईघाईने दार उघडलं. समोर लॅपटॉप छातीशी धरलेली, केसांत मोगरा माळलेली एक मुलगी. हिला मुलं...? त्याचा चेहराच प्रश्न विचारत होता.

"वर्गातली मुलं हो!" ती लाजली. "मी स्पंदना, खालच्या इंदिराबाईंची मुलगी. बी.एड. करते, सरावासाठी एका शाळेला ऑनलाइन शिकवते. आमचं नेट गेलंय. तुमचं वायफाय... स्वल्प?" आणि चिमटीने तिने 'थोडंसं' करून दाखवलं.

नाशिकचा सुयश हेब्बाळच्या कंपनीत लागला होता आणि नुकताच विजयनगरातल्या इंदिराबाईंच्या या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आला होता. त्याने आपली खुर्ची तिला दिली. पडद्यावर सरगूर गावच्या शाळेतली पाचवीची मुलं एका सुरात ओरडली, "नमस्ते मिस्!"

नेट दुरुस्त झालं, पण स्पंदनाचं वर येणं थांबलं नाही. कधी स्क्रीन शेअर होत नसे, कधी क्विझ उघडत नसे.

"हे कालच दाखवलं होतं," सुयश म्हणायचा.

"काल मी तुमच्याकडे बघत होते... म्हणजे, तुमच्या स्क्रीनकडे!"

खरी धास्ती परीक्षेच्या पाठाची होती. मागच्या वेळी ती या बटणांतच इतकी अडकली की नापास झाली. आता पुन्हा तसं झालं तर वर्ष वाया. त्यातच सुयश एकदा म्हणाला, "मला पुण्याच्या ऑफिसात बोलावलंय. शुक्रवारपर्यंत कळवायचंय."

"जा की... घर जवळ पडेल," असं म्हणून ती चार्जरची वायर उगाच गुंडाळत बसली.

परीक्षेचा पाठही नेमका शुक्रवारीच आला. स्पंदना सुयशच्याच खोलीत लॅपटॉप उघडून बसली; परीक्षक तुळसी मॅडम ऑनलाइन होत्या. अपूर्णांकांची क्विझ नुसती फिरत राहिली, उघडेचना. दारात उभा असलेला सुयश पुढे सरसावला. तिने त्याला हातानेच थांबवलं.

"मुलांनो, वहीचं एक कोरं पान घ्या," ती कन्नडमध्ये म्हणाली. "मध्ये घडी घाला. आता आणखी एक... काय झालं?"

पडद्यापलीकडे कागद सळसळले. कधीच न बोलणारी एक मुलगी पुढे आली आणि तिने घडीचा चौथा भाग कॅमेऱ्याला इतका चिकटवला की पडदाभर कागदच दिसला. "कालु, मिस्!" कालु म्हणजे पाव.

मॅडम हसल्या. "क्विझ अडली, वर्ग नाही अडला. पास, स्पंदना."

लॅपटॉप मिटून ती फरशीवरच बसली. हसता हसता डोळे भरून आले. सुयशने पाण्याचा ग्लास पुढे केला.

"आता माझं वायफाय नको तुम्हाला."

"तुम्ही तरी कुठे असणार इथे?"

"मी सकाळीच त्यांना कळवून टाकलं, येत नाही म्हणून."

तिचा हात ग्लासावरच थांबला. "का?"

"मला तुम्ही आवडता म्हणून. पास झाल्यावर सांगायचं ठरवलं होतं. नापास झाला असतात तरी सांगितलंच असतं... फक्त जरा घाबरत."

स्पंदनाने केवढा तरी मोठा श्वास सोडला. "देवरे... देवा रे! सकाळपासून मी परीक्षेला नाही, तुमच्या त्या उत्तराला भीत होते!"

"आणि तुमचं उत्तर?"

ती काही बोलणार एवढ्यात खालून कॉफीच्या वासासोबत इंदिराबाईंची हाक आली, "स्पंदना, कापी झाली गं!"

ती उठली. त्याच्याकडे एकदा बघून जिन्यातून वाकली.

"अम्मा, दोन कप काढ... सुयश पण येतायत. तुला काहीतरी सांगायचंय."