सहा खंडांचा वाचक

मेल्यानंतरही माणसाची वाङ्मयाची भूक मरत नाही, हे मी संपूर्ण जबाबदारीनं सांगतो.

जबाबदारी माझे चुलत आजोबा मच्छिंद्रराव यांची. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो.

पण घटना खरी आहे. साल १९३६, चैत्रातली दुपार, जालन्याची जुनी छावणी.

गोरे साहेब कधीच निघून गेले होते. मागं राहिलेलं वाचनालय मच्छिंद्रराव सांभाळत. लोक येत, पेपर वाचत, जात. कपाटात मात्र दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या कुणा इंग्रज कवी-नाटककाराचे समग्र सहा खंड. शोकांतिका, फार्स, गाणी, स्तोत्रं, उमरावांच्या मेलेल्या कुत्र्यांवर विलापिका. गड्यानं काहीच सोडलं नव्हतं.

वाचकांनी सगळंच सोडलं होतं.

अशा पुस्तकांची पानं कडेला जोडलेली येत. वाचणाऱ्यानं चाकूनं फाडत पुढं जायचं. इथं सहाही खंड जसे आले तसे बंद.

आणि शनिवारी औरंगाबादहून तपासनीस येणार होते. इंग्रजी पुस्तकं कुणी वाचत नसेल, तर वाचनालय बंद. मच्छिंद्ररावांची नोकरीही बंद.

गुरुवारी दुपारी कपाटातून आवाज आला.

खर्र...

उंदीर असेल.

खर्र... खर्र...

कुलूप काढलं. दुसऱ्या खंडाची, म्हणजे फार्सांची, पानं फाडलेली. सरळ. सफाईनं.

एवढा सफाईचा हात छावणीत एकाचाच. बाइंडर लतीफ. सकाळीच पुठ्ठे चिकटवायला आल्ता.

"लतीफ, पानं तू फाडली?"

"मला इंग्रजी येत न्हाई, मास्तर."

"फाडायला कशाला लागतंय इंग्रजी?"

"मंग तुम्हालाबी येत न्हाई. तुम्हीच फाडली असतील, नोकरीपायी!"

शुक्रवारी जुम्म्याची सुट्टी. किल्ली लतीफच्या कमरेला, आणि दोघं कपाटासमोर. कपाटावर कमी, एकमेकांवर जास्त नजर.

दोनचा ठोका पडला...

खर्र...

लतीफनं किल्ली टेबलावर ठेवली आणि अनवाणीच गेला. चपला दोन दिवस दारात होत्या.

शनिवारी तपासनीसांनी फार्सांचा खंड उघडला. पानांच्या कडेवरून बोट फिरवलं.

"ताजी फाडलीत. आपणच ना?"

"बिलकुल न्हाई, साहेब."

"मग वाचणारा दाखवा."

मच्छिंद्ररावांनी कपाटाकडं पाहिलं.

"बरं. निदान कुणाला कळतं का, बघू." साहेब मोठ्यानं वाचू लागले. खोलीत दोघंच.

वाक्य अर्ध्यावर होतं...

कपाटामागं कुणीतरी हसलं.

विनोद अजून यायचाच होता. पुढचं ज्याला पाठ आहे, त्याचं ते हसू.

साहेबांनी पुस्तक मिटलं. उभ्याउभ्याच शेरा लिहिला: 'वाचक आहेत. वाचनालय चालू ठेवावे.' टांगा सुटेपर्यंत त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

नोकरी वाचली.

कपाटामागं मात्र नुसती भिंत. मधे हातही जात नव्हता. मच्छिंद्ररावांनी तीनदा घालून पाहिला.

रविवारी दुपारी पुन्हा हसू आलं. या वेळी लांबलचक...

पेपर वाचणाऱ्या चौघांनी माना वर करून मच्छिंद्ररावांकडंच रागानं पाहिलं.

कपाटाकडं न बघता, घसा खाकरून ते म्हणाले,

"साहेब, जरा हळू हसा. लोक पेपर वाचून राह्यलेत."