भूनेत्राची दृष्ट

भूमापन केंद्राच्या पडद्यावर कोंडतिवरे गाव मरत होतं. हरितांक ०.३१. तो ०.३०च्या खाली गेला की संगणक जमीन 'मृत' ठरवायचा आणि पाटाचं पाणी जिवंत जमिनीकडे वळवायचा. मेलेल्यांना पाणी देण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण ती संगणकाला कुणी शिकवली नव्हती.

ऊर्वी खानविलकरने भूनेत्र उपग्रहाचं चित्र मोठं केलं. बेचाळीस शेतं, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात काळाभोर चौकोन. तिने सरपंचांना फोन लावला.

"तीट लावलीय," इंदुमती गोताड म्हणाल्या. "कुळीथ गुडघाभर उभा आहे, तरी तुमचा भूनेत्र वरून गेला की आकडा उतरतो. दृष्टच की ही! म्हणून कोपरे भाजले. भातासाठी राब भाजतो ना, तसे."

ऊर्वीने हे केंद्रप्रमुख डॉ. शेवड्यांना जसंच्या तसं सांगितलं. ते हसले नाहीत.

"त्या काळ्यावरून किती उजेड परत येतोय?"

"नऊ टक्के."

"कोळशावरून दोन यायला हवा." ते हळूच खुर्चीत बसले. "भिंगावर धूळ बसलीय. भटका उजेड आत शिरतोय."

"मग हिरवंही जास्त दिसेल ना, सर?"

"उलट. पान लाल प्रकाश खातं, अवरक्त परत फेकतं. दोघांची वजाबाकी भागिले बेरीज, हा हरितांक. भटका उजेड दोन्हींत मिसळला की वजाबाकी तेवढीच राहते, बेरीज फुगते. अकरा वर्षं पृथ्वी सुकत नव्हती, खानविलकर. आपली नजर वाईट होती."

ऊर्वीने संगणकाला आज्ञा दिली: तीट काळी समज, तिच्यात जास्तीचा दिसेल तेवढा उजेड सगळीकडून वजा कर.

सातपुडा उठून बसला. मग दख्खन, मग वाळवंटांच्या कडा. खंडामागून खंड हिरवे होत गेले. चहावर साय धरली.

कोंडतिवऱ्याला भरपूर पाणी सुटलं.

तेराव्या दिवशी पृथ्वी मेली.

पडदाभर तपकिरी. विषुववृत्तावरची जंगलंसुद्धा मृत. पाटाची दारं अकराला बंद होणार होती. ऊर्वीने मूळ, न सुधारलेलं चित्र उघडलं आणि बघतच राहिली. बेचाळीस चौकोन साऱ्या पृथ्वीवर सर्वांत हिरवे होते. संगणक बिचारा आज्ञाधारक. तीट काळी म्हणजे काळी. तिच्यातलं हिरवं खोटं, म्हणून जगातलं तेवढं हिरवं खोटं.

"तिटेत काय पेरलंत?" तिने फोनवर विचारलं.

"नाचणी. राखेत पाणी आल्यावर कोण मोकळं ठेवील? आणि तीट एकदा लावून भागतं होय, मॅडम? बाळ वाढतं."

"मग दुसरी लावा! साडेदहाला भूनेत्र येतोय."

"कुठे लावू? बोटभर जागा कोरडी नाय. तुमच्याच गच्चीला फासा की काळं."

ऊर्वीने संगणकाला नवी आज्ञा दिली: तीट आता गच्चीवर. साडेदहाला केंद्राच्या गच्चीवर डांबराचा चौकोन चकाकण्याच्या बेतात होता; डॉ. शेवडे त्यावर राख भुरभुरवत होते. अकरा वर्षं वरून खाली पाहणारा माणूस प्रथमच खालून वर पाहू लागला. त्यांच्या गालावर डांबराचा ठिपका उडाला होता.

"पुसू का?"

"राहू द्या, सर."

अकराला फोन आला. इंदुमतींनी फोन नुसता पाटाजवळ धरला होता. पाणी वाहत होतं.