हिलालची शीळ

माझं कोणी ऐकलं नाही. शेठनं नाही, पोलिसानं नाही, गोडादऱ्याच्या आमच्या वस्तीतल्या शेजारणींनीही नाही. माझा नवरा हिलाल कापडाच्या लूमच्या पट्ट्यात ओढला जाऊन मेला, तेव्हा सगळ्यांनी एकच धरलं: पिऊन आला होता, डुलकी लागली. अहो, दारूच्या वासानं ज्याला उलटी व्हायची, तो माणूस! मी म्हणत होते, त्यानं शीळ घातली असणार. ती ऐकून कोणीतरी मोटार बंद करायला हवी होती.

लूमच्या खात्यात खडखडाट एवढा, की माणसाचा आवाज कानाशी येऊन मरतो. शीळ तेवढी पार जाते. म्हणून प्रत्येक कारागिराची आपली वेगळी शीळ. हिलालची दोन सुरांची. एक खालचा लांब, एक वरचा आखूड.

तो गेल्यावर शेठनं खात्यात एक डबा बसवला. बसवायला लोकेश आला, इलेक्ट्रॉनिक्सवाला.

"मावशी, फोनचं बटण दाबलं की टूं वाजतं ना? तसे सूर ओळखणारी ही मोडेमची चिप. मी हिला तुमच्या शिळा शिकवतो. सूर किती उंच, किती लांब, मधे किती थांबायचं, एवढं भरायचं. शीळ जुळली की डब्यावर नाव येणार, सगळ्या मोटारी बंद, आणि मास्टरच्या फोनवर रिंग. उचलला की डब्याला ऐकू येतं ते मास्टरला ऐकू येणार."

मास्टर म्हणजे खात्याचा मुकादम, गजेंद्र. आमच्या खानदेशचाच. खात्यातला मेन स्विच त्याच्या हाताशी.

सुताची कांडी भरणाऱ्या आम्हा बायकांच्याही शिळा भरायच्या होत्या. आमच्यात बाई शीळ घालत नाही. घातली तर नको ते ओ देतं म्हणतात. बाकीच्या पदर तोंडाला लावून हसत बसल्या. मी डब्यासमोर गेले. मला माझी शीळ कुठली? मी हिलालची घातली. जन्मभर ऐकलेली. लोकेशनं ती माझ्या नावावर भरली.

"भाबी, आते शिट्ट्या मारशी का?" गजेंद्र दात काढत म्हणाला.

"मारीन. तुझ्याच कानात मारीन."

त्याच आठवड्यात, भर दुपारी, सगळे लूम एकदम थांबले. डब्यावर नाव माझं. मी तर कांडीवर वाकलेली, ओठ मिटलेले. गजेंद्रनं फोन कानाला लावला आणि लगेच कापला.

"काय होतं?" मी विचारलं.

"काहीच नही. खडखडाट."

लूम बंद असताना खडखडाट कसला, हे कोणी विचारलं नाही. पुन्हा झालं. पुन्हा माझंच नाव. शेठ तापला.

"मंदाबेन, नाटक बंद करो. अब हुआ तो घर बैठना."

"मग समोर बसून बघा," मी म्हणाले.

शेठ बसला, लोकेशला बोलावलं. मी लोटा उचलला, गाल फुगेपर्यंत तोंडात पाणी घेतलं आणि शेठच्या समोर मांडी घातली. लूम सुरू झाले. तेलाचा वास, गरम सुताचा वास... मग त्यात जळक्या पट्ट्याचा वास मिसळला. एकही पट्टा जळत नव्हता.

सगळं थांबलं. डब्यावर: मंदा.

गजेंद्रचा फोन वाजायला लागला. तो उचलेना. मी त्याच्या हातातून हिसकावला आणि स्पीकर लावला.

आतून लूम चालल्याचा आवाज. आमच्यासमोर एक धोटासुद्धा हलत नव्हता. त्या आवाजात शीळ. लांब, आखूड. लांब, आखूड. मग नुसती आखूड, आखूड... श्वास संपत आलेल्या माणसाची.

लोकेशनं धावत जाऊन डब्याची वायर उपटली. डब्यावरची अक्षरं विझली. फोनमधली शीळ थांबली नाही.

मग जवळून, अगदी स्विचच्या जवळून, एक पुरुष बोलला, "थांब रे हिलाल... कापडाचा ताका उतरू दे. मंग बंद करस."

गजेंद्र भिंतीला टेकला होता, दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून.

"आ कोनो अवाज छे?" शेठनं हळूच विचारलं. "किसका है?"

सगळ्या कारागिरांनी माना खाली घातल्या. मी तोंडातलं पाणी फरशीवर थुंकले आणि सांगितलं.

गजेंद्र.