मनोऱ्यावरच्या तीन हाका

जवळ सरका, पोरांनो. ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या साडूच्या बाबतीत घडलेली आहे, आणि साडू उगाच बाता मारणाऱ्यातला नव्हे.

तो किल्ल्यावर राखणदार. खाली बंदराचं शहर, वर टेकडीवर सातआठशे वर्षांचा किल्ला. संध्याकाळी सहाला त्याच्या मनोऱ्याचं दार बंद. पण जुन्या राखणदाराने बजावलं होतं, आधी मनोऱ्याच्या टोकापर्यंत चढायचं, तीन हाका मारायच्या, "कोणी आहे का? दार लावतोय!" आणि मगच कुलूप घालायचं.

तीन वर्षं झाली. नोव्हेंबरातली तेरा तारीख. साडूच्या मुलीला दुपारीच खालच्या इस्पितळात नेलेलं. पहिलटकरीण, तीही आईविना वाढलेली. "बाबा, तुम्ही जवळ हवेत," एवढंच म्हणाली होती. जावई म्हणजे आनंदीआनंद, सुई बघून स्वतःच आडवा होणारा! साडूचा जीव टांगणीला लागलेला. एकशे सत्तर पायऱ्या कोण चढत बसतो? त्याने दारातूनच एक हाक मारली आणि कुलूप घातलं.

दहा पावलं गेला नसेल, तोच वरून आवाज आला.

"थांबा... आलो."

आता माणसाला आत कोंडून जायचं कसं? चरफडतच परतला. किल्ली कुलपातच ठेवली. मोबाइल बाहेरच्या केबिनमध्ये चार्जिंगला होता. धापा टाकत वर गेला. वर कोणी नाही. नुसता वारा. त्याने हाक मारली. एक. दोन. तिसरी...

उत्तर खालून आलं. दाराबाहेरून.

"कोणी नाही. लावतोय."

आवाज साडूचाच.

मग कुलपाचा खटका. मग पावलं. शहराकडे जाणारी... सावकाश.

रात्रभर तो दार बडवत होता. घसा बसला. सकाळी सातला झाडूवाल्या बाईने उघडलं. किल्ली केबिनमध्ये, नेहमीच्या खिळ्याला. मोबाइल पाहिला, तर जावयाचा एकही फोन नाही.

धावतच इस्पितळात पोचला. मुलगी सुखरूप होती. कुशीत नातू.

"बाबा, जरा पडायचं ना," ती म्हणाली. "रात्रभर बाळाला मांडीवर घेऊन बसलात."

साडूने दुपटं बाजूला केलं. बाळाच्या पाठीवर पाच बोटं उमटलेली. मनोऱ्याच्या भिंतीवरच्या जुन्या चुन्याची, पांढरी.

पोर आता तीन वर्षांचं आहे. रोज अंघोळ घालतात... तो हात जात नाही.