रिंगणातली रिकामी जागा

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी तिथे होते. माझ्यासोबत घरातल्या सगळ्या मुली होत्या. त्यातल्या बऱ्याच जणी अजून हयात आहेत. पण हा विषय निघाला की एकेक जण उठून जाते.

साल एकोणीसशे सदुसष्ट. फेब्रुवारीतला रविवार. अमेरिकेत, आयोवा राज्यातलं आमचं कॉलेजचं लहानसं गाव.

दिवेलागणीची वेळ होती.

आम्ही सॉरॉरिटीच्या मुली. कॉलेजातल्या मुलींचं भगिनी मंडळ म्हणा. एका घरात राहायचं, एका टेबलावर जेवायचं, आणि एकदा शपथ घेतली की जन्मभर बहिणी. नव्या मुलीला घरातली एक जुनी मुलगी 'मोठी बहीण' म्हणून मिळते.

मला मिळाली आर्लिस ब्रेके.

माझं नाव डार्ला. पण आर्लिसने मला नावाने कधी हाक मारली नाही.

"ए धाकटे, ऊठ! आमच्या गाईसुद्धा तुझ्याआधी उठतात!"

शेतावरची मुलगी. वडील नव्हते. आई एकटी गाईगुरं सांभाळायची. आर्लिस हसली की तळमजल्यावर ऐकू यायचं.

त्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी ती म्हणाली, "आईकडे जाऊन येते."

शुक्रवारी दुपारी परत येताना तिची गाडी बर्फावरून घसरली. पुलाच्या कठड्यावर आदळली.

आर्लिस जागच्या जागी गेली.

आमच्या घराच्या दोन रीती होत्या. पहिल्या मुलींनी घालून दिलेल्या. कॉलेजात मुलींना मागच्या बाकावर गप्प बसवत, त्या काळातल्या.

कुणाचं लग्न ठरलं की ती कुणालाच सांगायची नाही. आईलासुद्धा नाही. संध्याकाळी सगळ्यांनी अंधारात रिंगण करायचं, गाणं म्हणायचं, आणि पेटलेली मेणबत्ती हातोहात फिरवायची. जिचं लग्न ठरलंय, ती मेणबत्ती फुंकणार. मग नुसता आरडाओरडा! त्याच वेळी नवरामुलगा चॉकलेटचा मोठा डबा घेऊन दारात हजर.

दुसरी रीत बहीण गेल्यावरची. तेव्हाही रिंगण, तेव्हाही मेणबत्ती. पण ती कुणी फुंकायची नाही. खिडकीत ठेवून आपोआप विझू द्यायची. आणि रिंगणात एक जागा रिकामी सोडायची. फ्लूच्या साथीत घरातली एक मुलगी वरच्या खोलीत एकटीच वारली होती. कुणी हात धरायला नव्हतं. तेव्हापासूनची ती जागा, गेलेल्या बहिणीला आपल्यात उभं राहता यावं म्हणून.

रविवारी आर्लिसची आई तिचे कपडे न्यायला आली. मिसेस ब्रेके. उंच, हाडकुळी, हातांना भेगा पडलेल्या. पलंगावर बसून त्या आर्लिसच्या स्वेटरची घडी घालत होत्या. एकच स्वेटर. पुन्हा पुन्हा.

"डार्ला, तुला एक विचारू?"

"विचारा ना."

"ती आमच्याकडे आलीच नव्हती गं. गुरुवारी मी दिवसभर घरातच होते." त्यांनी स्वेटर मांडीवर ठेवला. "माझ्या पोरीने मला कधी खोटं सांगितलं नाही. मग ती होती कुठे? माझ्यावर रागावली होती का?"

आम्हालाही ती आईकडे जाते असंच सांगून गेली होती.

खाली मुली दिवे मालवायला लागल्या, तशा आम्ही दोघी उतरलो. आमची अध्यक्ष रोवेना जिन्यात आडवी आली. "मिसेस ब्रेके, माफ करा, पण हा विधी फक्त बहिणींसाठी असतो. तुम्ही इथे बाहेर बसा."

"बरं," म्हणाल्या त्या. आणि कोटाची बटणं लावून जिन्याजवळच्या खुर्चीत बसल्या. चर्चमध्ये बसावं तशा.

मला ते बघवेना.

"रोवेना, ही तिची आई आहे."

"रीत आहे, डार्ला. मी नाही केली."

"मग मीही बाहेर बसते. मोजा रिकाम्या जागा दोन."

रोवेनाचे डोळे रडून सुजलेले होते. ती बाजूला सरली. "घेऊन ये. पण तुझ्याजवळ उभं कर त्यांना."

रिंगण झालं. माझ्या उजव्या हाताला मिसेस ब्रेके.

त्यांच्या पलीकडे आर्लिसची रिकामी जागा.

गाणं सुरू झालं. निम्म्या जणींना सूर लागत नव्हता. मेणबत्ती हळूहळू सरकत होती. एकेक चेहरा उजळायचा, पुन्हा अंधारात जायचा.

माझ्यापर्यंत आली. मी ती मिसेस ब्रेकेंच्या डाव्या हातात दिली. आता त्यांनी ती रिकाम्या जागेपुढे थोडा वेळ धरायची होती. मी त्यांच्या कानात तसं सांगितलं.

त्यांनी धरली.

गाणं थांबलं.

आणि मग...

कुणीतरी श्वास आत घेतला. स्पष्ट ऐकू आला. फुंकर मारण्याआधी घेतात तसा.

ज्योत आमच्याकडे वाकली...

विझली.

काळोख. कुणी हललं नाही. फुंकलेल्या मेणबत्तीचा अर्थ काय, ते आम्हा प्रत्येकीला माहीत होतं.

"कोणी फुंकली?" रोवेनाचा आवाज फाटला. "ही काय थट्टा आहे का?"

"माझ्या बाजूच्या मुलीने," मिसेस ब्रेके शांतपणे म्हणाल्या. त्यांना आमच्या रीती ठाऊक नव्हत्या. "तिला रागावू नका. फार गारठलीये बिचारी. हात बघा किती थंड पडलाय. अंगठी मोठी होतेय तिला... आतून दोरा गुंडाळलाय. टोचतोय मला."

त्या बाजूला कुणी नव्हतं.

खिडकीतून बर्फाचा जरासा उजेड येत होता. तेवढ्या उजेडात मला त्यांचा उजवा हात दिसला. मूठ घट्ट मिटलेली. जणू तिच्यात काहीतरी धरलंय.

आणि दारावरची घंटा वाजली.

त्याच क्षणी ती मूठ उघडू लागली... एकेक बोट... हळूच. स्वतःची बोटं माणूस तशी उघडत नाही.

कुणीतरी दिवा लावला. मी धावत जाऊन दार उघडलं.

बाहेर एक मुलगा उभा होता. रविवारचा सूट, लालबुंद कान, खांद्यांवर बर्फ. हातात चॉकलेटचा मोठा डबा.

"फुंकली ना तिने?" तो हसत होता. "मी तासभर समोरच्या झाडाखाली उभा आहे. आर्लिसने सांगितलं होतं, मेणबत्ती विझलेली दिसली की लगेच घंटा वाजव. आता दिसली!"

मी दार पूर्ण उघडलं.

"मी लायल," तो म्हणाला. मग माझ्या मागे उभ्या रडणाऱ्या मुलींकडे त्याचं लक्ष गेलं. त्याला वाटलं, आनंदाने रडताहेत. "कुठाय ती? लपली का?"

त्याला कोण कळवणार होतं? लायल नावाचा कुणी आहे, हेच आम्हाला माहीत नव्हतं.

मिसेस ब्रेके गर्दीतून पुढे आल्या. त्यांनी त्याच्या हातातला डबा घेऊन माझ्याकडे दिला. त्याचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले.

"बाळा, मी आर्लिसची आई. गुरुवारी ती तुझ्याकडे आली होती का?"

"हो. माझ्या घरच्यांना भेटायला." तो अजून हसायचा प्रयत्न करत होता. "तुम्हाला सांगायचं होतं तिला. पण म्हणाली, आधी मेणबत्ती. त्यानंतर पहिला फोन आईला. माझ्या आजीची अंगठी आहे. सैल होत होती, म्हणून तिने..."

"दोरा गुंडाळला," मिसेस ब्रेके म्हणाल्या.

"तुम्हाला कसं कळलं?"

त्यांनी त्याला आत नेलं, दार लावलं, आणि बाकीचं सगळं त्यांनीच सांगितलं. मी स्वयंपाकघरात पळाले. तरी त्याचा आवाज आलाच. तो आवाज मी इथे लिहू शकत नाही.

अंगठी कधीच सापडली नाही. इस्पितळातून आलेल्या सामानात नव्हती. गाडीत नव्हती. लायल वसंतात बर्फ वितळल्यावर पुलाखालचा चिखल हातांनी उपसत होता. मिळाली नाही.

पण तो मिसेस ब्रेकेंच्या शेतावर जात राहिला. आधी दर रविवारी. मग धारा काढायला रोज. पुढे त्याचं लग्न झालं, मुलं झाली. ती मुलं त्यांना आजी म्हणायची.

त्या खूप थकल्यावर मी एकदा भेटायला गेले. भर दुपारी, ओसरीत ऊन आलेलं होतं. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग त्यांनी एकदम विचारलं,

"डार्ला, तू माझ्या शेजारी होतीस. खरं सांग. त्या दिवशी तो हात मी सोडला, की तिने?"

मी जे पाहिलं होतं, ते सांगितलं.

"तिने सोडला. तुम्ही घट्ट धरला होता."

त्यांनी डोळे मिटले. "मग बरं. इतकी वर्षं मला वाटायचं, घंटेला दचकून मीच सोडला."

मी निघाले. पायऱ्या उतरून सहज मागे वळून पाहिलं.

त्यांचा उजवा हात खुर्चीच्या बाहेर आला होता...

मूठ मिटलेली होती. घट्ट.

आणि त्या हाताच्या बाजूला तोंड करून मिसेस ब्रेके हळू आवाजात काहीतरी सांगत होत्या.